वाईट बातमी वर कशी जाते

प्रोजेक्ट लीड म्हणून नव्या सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाले तेव्हा कामाची धास्ती नव्हती. प्रोग्रामिंगची भाषा जावा तीच, कामांची नोंद ठेवणारं जिरा तेच, दोन आठवड्यांचे कामाचे टप्पे, म्हणजे स्प्रिंटही तेच. धास्ती होती ती माणसांची. क्लायंटशी थेट बोलायची मुभा कोणाला आहे, डिलिव्हरी मॅनेजर बोलत असताना मध्ये बोललेलं चालतं का, एखादी तारीख जमणार नाही हे नक्की कोणाच्या कानावर आधी घालायचं, यातलं काहीच इंडक्शनच्या स्लाइड्सवर नसतं. तिथे पारदर्शकता, जबाबदारी, ग्राहकहित अशी मूल्यं असतात. संस्थांच्या संस्कृतीचे अभ्यासक एडगर शाइन यांनी कंपनीच्या संस्कृतीचे तीन थर सांगितलेत: डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, जाहीर केलेली मूल्यं आणि कोणीच बोलून न दाखवलेली गृहीतकं. इंडक्शन पहिल्या दोन थरांवर संपतं. लीडला मात्र पहिल्या दिवसापासून तिसऱ्यात काम करावं लागतं.

म्हणून मी आधी जुने आरसीए काढून वाचले. प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टिममध्ये, काही बंद पडलं, की त्यानंतर लिहिला जाणारा हा कारणमीमांसेचा कागद. कंपनी ओळखायला याच्याइतकं चांगलं साधन मला तरी माहीत नाही. कोणत्याही नव्या लीडला मी हेच सांगते, की आर्किटेक्चरची आकृती नंतर बघ, आधी आरसीए वाच. आमच्याकडच्या बऱ्याच आरसीएंमध्ये मूळ कारणाच्या रकान्यात ‘मानवी चूक’ लिहून विषय संपवला होता आणि शेजारच्या रकान्यात माणसाचं नाव होतं. तिथे नाव येऊ नये म्हणून लोक काय काय करत असतील, याचा अंदाज तेव्हाच आला.

मग टीममधल्या प्रत्येकाशी वेगळं बसून बोलले. ‘तुझ्या अपेक्षा काय’ असले प्रश्न टाळले. एवढंच विचारलं, की मागच्या रिलीजमध्ये जे बिघडलं, त्यातलं तुला आधीपासून काय माहीत होतं? बहुतेकांना बरंच माहीत होतं. टेस्टिंगमधली एक मुलगी म्हणाली, “स्टेजिंगवरचा डेटा जुना होता. लोड टेस्टच्या आकड्यांना काही अर्थच नव्हता. कोड फ्रीजच्या आधीच कळलं होतं.” स्टेजिंग म्हणजे रिलीजआधीच्या चाचणीची सिस्टिम, लोड टेस्ट म्हणजे ती किती ताण पेलते याची चाचणी आणि कोड फ्रीज म्हणजे रिलीजआधी कोडमधले बदल थांबवतात तो टप्पा.

“मग सांगितलंस कोणाला?”

“मॉड्यूल लीडना सांगितलं होतं. पण वर हिरवंच जातं.”

स्टेटस रिपोर्टमध्ये हिरवं म्हणजे सुरळीत, पिवळं म्हणजे जोखीम, लाल म्हणजे अडकलेलं. वर हिरवंच कसं जातं, हे मी पुढच्या रिपोर्टच्या वेळी जवळून पाहिलं. डेव्हलपरने स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, सांगितलं, ‘पेमेंट इंटिग्रेशन अडकलंय, समोरच्या टीमचा एपीआय बदललाय.’ (एपीआय म्हणजे दोन सिस्टिम्सनी एकमेकींशी बोलायची ठरलेली पद्धत.) मॉड्यूल लीडच्या मेलमध्ये त्याचं झालं, ‘काही अवलंबित्व आहे, पाठपुरावा चालू.’ एकत्रित शीटमध्ये ती ओळ ‘किरकोळ जोखीम’ झाली आणि क्लायंटला दाखवायच्या स्लाइड्सवर हिरवा ठिपका उमटला. प्रत्येकाने धार थोडी कमी केली, खोटं कोणीच बोललं नाही. आमच्या धंद्यात अशा रिपोर्टला कलिंगड म्हणतात, वरून हिरवं आणि आतून लाल.

आधीच्या कंपनीत असते तर मी मीटिंगमध्येच हात वर करून सांगितलं असतं. तिथे ते चालायचं, भर मीटिंगमध्ये वाद व्हायचे आणि निर्णयही तिथेच व्हायचे. इथे निर्णय आदल्या दिवशी दोघांतिघांच्या फोनवर होतात, मीटिंगमध्ये फक्त जाहीर होतात. आणि जे मेलवर नाही ते बोललं गेलंच नाही, असं धरतात. सुरुवातीला मला हे खटकायचं. पण स्टेटस कॉलवर क्लायंट बसलेला असतो आणि करारातल्या तारखांना उत्तर द्यायचं असतं ते डिलिव्हरी मॅनेजरना. त्यांना क्लायंटसमोर पहिल्यांदा वाईट बातमी ऐकवणं म्हणजे तोंडघशी पाडणं. ही रीत पाळण्यात माझं काहीच जात नव्हतं, तेव्हा ती मी मनापासून स्वीकारली. तडजोड नव्हती ती फक्त रंगाच्या बाबतीत.

कॉलच्या आदल्या दिवशी डिलिव्हरी मॅनेजरना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “लाल कशाला? पिवळं ठेवू या, तोवर होईल.” मी म्हटलं, “स्टेजिंगवर सुरुवातीपासून शेवटपर्यंतची, एंड-टू-एंड टेस्ट पास झाल्याशिवाय कोणत्याच मॉड्यूलला हिरवं द्यायचं नाही, असा एकच नियम ठेवू या. मग रंग कोणी ठरवायचा हा प्रश्नच उरत नाही.” त्यांनी लगेच दोन माणसं देऊ केली. वरिष्ठ मंडळी मदत करायची ती अशीच, आणि ती मनापासून असते. पण उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. सात जणांच्या टीममध्ये बोलण्याच्या जोड्या २१ होतात, नऊ जणांत ३६. शिवाय नव्या दोघांना शिकवायला ज्याला बसावं लागलं असतं, तोच डेव्हलपर एपीआयमध्ये अडकला होता. म्हणून मी माणसं न घेता स्कोप, म्हणजे करायचं काम, कमी करून मागितला: बल्क अपलोड (एकदम बराच डेटा चढवायची सोय) या रिलीजमधून काढा, पेमेंटची तारीख पाळून दाखवते. दोन्ही पर्याय त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठवले.

कॉलवर लाल ठिपका दिसला. त्याचं कारण डिलिव्हरी मॅनेजरनी स्वतः समजावून सांगितलं आणि बल्क अपलोड पुढच्या रिलीजमध्ये न्यायला क्लायंटने थोडी घासाघीस करून होकार दिला. त्यांच्या दृष्टीनेही तारीख बुडण्यापेक्षा ते बरं होतं.

त्यानंतर आमच्या शीटवर लाल-पिवळे ठिपके वाढले. वरून विचारणाही झाली, की तू आल्यापासून प्रॉब्लेम वाढलेत का? अशा वेळी मला टीम्सच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांच्या कामाचा आधार वाटतो. १९९० च्या दशकात त्यांनी रुग्णालयांतल्या टीम्स अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या टीम्समध्येच चुकांच्या नोंदी जास्त सापडल्या. त्यांनी पुढे काढलेला अर्थ असा, की तिथले लोक चुका लपवत नव्हते. मी वर उत्तर पाठवलं ते आकड्यांत: कोणती अडचण कोड फ्रीजच्या आधी कळली, कोणती नंतर. आधी कळणाऱ्या वाढत होत्या, शीट रंगीत दिसत होती ती त्यामुळेच. पुन्हा कोणी विचारलं नाही.

टेस्टिंगमधली ती मुलगी आता स्टँडअपमध्ये सगळ्यांसमोर बोलते, “हा डेटा चालणार नाही.” मॉड्यूल लीड तिचं वाक्य जसंच्या तसं मेलमध्ये टाकतात. त्यासाठी मला त्यांना कधी काही सांगावं लागलं नाही. हिरव्याचा नियम आल्यावर धार कमी करण्यात त्यांचाही काही फायदा राहिला नाही.

आरसीएमधला नावाचा रकाना मात्र अजून आहे. तो टेम्प्लेट अख्ख्या कंपनीचा, माझ्या हातातला नाही. काढून टाकायचा प्रस्ताव क्वालिटी विभागाकडे दिलाय. तोवर आमच्या प्रोजेक्टमध्ये तिथे माणसाऐवजी प्रक्रियेतली पायरी लिहितो: रिव्ह्यू, डिप्लॉयमेंट स्क्रिप्ट, डेटा रिफ्रेश. अंतर्गत ऑडिटमध्ये त्यावर शेरा आला, तेव्हा डिलिव्हरी मॅनेजरनी उत्तर दिलं, की हे त्यांना विचारून केलंय. मी त्यांना आदल्या दिवशी फोन केला होता.