कार्टनच्या मागची माणसं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहा, असे संपादक मंडळाचे पत्र आले. शाळेने जे दिले त्यात एक कादंबरी आहे. इंग्रजीच्या जादा वाचनाला लावलेली चार्ल्स डिकन्सची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’, तीही संक्षिप्त. स्वतःविषयी लिहिण्यापेक्षा तिच्याविषयीच लिहितो, कारण त्या बारीक पुस्तकाने आमच्या कित्येक तुकड्यांच्या डोक्यात एक समज पक्का करून ठेवला आहे: सिडनी कार्टन नावाचा दारुडा वकील प्रेमाच्या भरात दुसऱ्याच्या जागी गिलोटिनवर चढला. भर कसला! १८५९ साली आलेली मूळ कादंबरी तीन भागांची आणि ४५ प्रकरणांची आहे. तिच्यात कार्टनचे बलिदान हे ठरवून, आखून, चार जणांना कामाला लावून तडीस नेलेले काम आहे.

सांगलीच्या वाचकाला हे लवकर कळायला हवे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले ते हे गाव. या कथेची मुख्य कल्पना आपल्याला एका नाटकात काम करताना सुचली, असे डिकन्सने प्रस्तावनेतच सांगितले आहे. विल्की कॉलिन्सच्या त्या नाटकात १८५७ मध्ये त्याने स्वतः जी भूमिका केली, तो नायक प्रतिस्पर्ध्याचा जीव वाचवून मरतो. म्हणूनच तिसरा भाग वाचताना कोण कधी आत येतो, कोणाच्या हातात कोणता कागद आहे, अंगावर कोणाचा कोट आहे, याकडे लक्ष ठेवावे.

अडचण अशी. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात चार्ल्स डार्ने, म्हणजे कार्टनचे जिच्यावर प्रेम आहे त्या लूसीचा नवरा आणि दिसायला कार्टनसारखाच, पॅरिसच्या कॉन्सिएर्जरी तुरुंगात आहे आणि २४ तासांत मृत्यू, अशी शिक्षा झाली आहे. आपल्याला तुरुंगाच्या गोष्टी ठाऊक आहेत त्या बाहेर पडण्याच्या. १९४३ साली वसंतदादा पाटील आणि साथीदार सांगलीच्या तुरुंगातून निसटले ती तर घरोघर सांगितली जाते. कार्टनला उलट, आत शिरायचे आहे. त्यासाठी त्याला तुरुंगात ये-जा असलेला बारसॅड हा खबऱ्या हवा. त्याला नमवायचे कसे? बारसॅड पूर्वी इंग्रज सरकारचा हेर होता, एवढे कार्टनला माहीत आहे. पण त्याचा जोडीदार क्लाय अजून जिवंत आहे, हे सिद्ध झाले तरच पेच पक्का बसतो. बारसॅड तर क्लायच्या दफनाचा दाखला खिशातून काढून दाखवतो.

इथे जेरी क्रंचर पुढे येतो. बँकेच्या दारातला हा हरकाम्या रात्री थडगी उकरून प्रेते विकायचा. क्लायचे थडगेही त्याने उकरले होते, म्हणून त्या पेटीत फरशीचे दगड आणि माती होती हे तोच सांगू शकतो. माझ्या मते कादंबरीतली सगळ्यात धाडसी योजना ही आहे. कार्टनच्या पवित्र वगैरे म्हटल्या जाणाऱ्या कृत्याचा पाया एका प्रेतचोराच्या घाणेरड्या धंद्यावर बसवला आहे. संक्षिप्त आवृत्तीत जेरी बहुधा विनोदापुरता उरतो, आणि मग बारसॅड एवढा का घाबरला हे मुलांना कळत नाही. जेरीही पुढे बदलतो. थडगी उकरणे सोडीन आणि बायको प्रार्थना करत असली तर तिच्या वाटेला जाणार नाही, अशी शपथ घेतो. डिकन्स त्याला हसतो खरा, पण उद्धाराच्या रांगेतून बाहेर काढत नाही.

डॉक्टर मॅनेट हे त्याहून अवघड प्रकरण. १८ वर्षे पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगात काढलेला हा माणूस, लूसीचा बाप. ज्या एव्हरेमोंद घराण्याने त्याला तिथे डांबले, त्याच घराण्यातला डार्ने त्याचा जावई होतो. लग्नाच्या दिवशी सकाळी डार्ने आपले खरे नाव सांगतो. म्हातारा ते ऐकून घेतो आणि तरी मुलगी देतो. त्याची किंमत लगेच दिसते. वधूवर निघून जाताच तो तुरुंगातल्यासारखा चपला शिवायला बसतो, नऊ दिवस उठत नाही. कार्टन एकदाच मरतो. मॅनेटला हा त्याग रोज नव्याने करावा लागतो, म्हणून मला तो जास्त भारी वाटतो. आणि एवढे करूनही घात त्याच्याच हातून होतो. १७६७ मध्ये कोठडीत लिहून धुराड्यात दडवलेल्या कागदात त्याने त्या घराण्याला शेवटच्या वंशजापर्यंत शाप दिलेला असतो. बॅस्टिल पडते तेव्हा तो कागद दफार्ज या क्रांतिकारक गुत्तेवाल्याच्या हाती लागतो आणि खटल्यात तोच वाचला जातो. माणसाने क्षमा केली, कागदाने केली नाही.

आता बदलाबदली. डार्नेला तीन वाजता न्यायचे असते. एक वाजून गेल्यावर कार्टन कोठडीत येतो. प्रथम बूट, मग गळपट्टा आणि कोट, शेवटी केसांची फीत. डार्नेने आपले केस कार्टनसारखे विस्कटायचे. हे झाल्यावर तो डार्नेला एक पत्र लिहायला बसवतो. हे पत्र म्हणजे कार्टनचा लूसीसाठीचा निरोप असतो, आणि ते लिहिताना डार्नेचे हात आणि लक्षही गुंततात. तेवढ्यात औषधविक्याकडून घेतलेल्या द्रव्याची वाफ त्याच्या नाकाशी धरली जाते. बेशुद्ध डार्नेला बारसॅडची माणसे ‘निरोप घेताना कोसळलेला पाहुणा’ म्हणून उचलून नेतात. बाहेर गाडी तयार असते. कार्टनने शहराबाहेर जाण्याचा स्वतःचा परवाना आदल्या रात्रीच लॉरीकडे, म्हणजे मॅनेट कुटुंबाच्या बँकेतल्या स्नेह्याकडे, देऊन ठेवलेला असतो, कारण तो कोठडीत नेला असता तर सगळेच फसले असते. नाक्यावर कागद वाचले जातात तेव्हा गाडीत डार्ने नसतो, ‘सिडनी कार्टन, वकील’ असतो. घाईचे कारणही नीट पाहावे: दफार्जची बायको मादाम दफार्ज लूसीला आणि तिच्या लहान मुलीलाही गोवणार आहे, हे कार्टनने दारूच्या गुत्त्यात फ्रेंच धड येत नसल्याचे सोंग करून ऐकलेले असते.

या सोंगाला फसतात ते यादी बघणारे. चेहरा बघणारी एकच, ती गरीब शिवणकाम करणारी मुलगी. तिने खऱ्या डार्नेला आधीच्या तुरुंगात पाहिलेले असते. तिला कळते, आणि ती गप्प राहून त्याचा हात धरते. त्या दिवशीच्या ५२ जणांत ती २२वी, तो २३वा.

लूसीला सांभाळणाऱ्या मिस प्रॉसची झटापट इथे थोडक्यात आटपतो. मादाम दफार्जला ती अडवून धरते, पिस्तूल सुटते, मादाम मरते आणि मिस प्रॉस कायमची बहिरी होते.

सध्याच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या स्नेहसंमेलनात यावर एकांकिका जरूर बसवावी. वाचायला वेळ नसेल तर तिसऱ्या भागातली आठ ते चौदा ही प्रकरणे पुरतात. सारख्या चेहऱ्याची दोन मुले शोधत बसू नका. उंची सारखी असली की कोट, फीत आणि केस बाकीचे काम करतात. कपडे बदलण्याची तालीम मात्र रोज करा, गाठी आधीच सैल बांधा, नाहीतर प्रेक्षक हसतात. जेरीचे काम विनोदी मुलाला द्या, पण दगड-मातीचे वाक्य त्याला हसू न आणता म्हणता आले पाहिजे. गिलोटिन रंगमंचावर आणू नका. पुठ्ठ्याचे पाते नेहमी अडकते. नाक्यावर कागद वाचले जातात तिथे पडदा पाडावा, आणि ते वाचणारा शिपाई खणखणीत आवाजाचा घ्यावा.