तुम्ही विचारलंत म्हणून: सांगोल्याने आबांनाच का निवडलं?

"सांगोल्याचे का तुम्ही? एकाच माणसाला अकरा वेळा आमदार कसं केलंत हो?" पुण्यात नवी ओळख झाली की हा प्रश्न ठरलेला. माणूस म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) भाई गणपतराव देशमुख, सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्याचे आमचे आबासाहेब. विचारणाऱ्याकडे उत्तरही तयार असतं: साधे होते, एसटीने फिरायचे. खरं आहे ते. पण नुसत्या साधेपणावर दुष्काळी तालुका मत देत नाही.

आणि डोळे झाकून तर आम्ही दिलंच नाही. 1962 आणि 1967 ला निवडून दिलं, 1972 ला पाडलं. 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आणलं. 1995 ला पुन्हा पाडलं, 1999 ला पुन्हा आणलं. पडल्यावरही आबा तालुक्यातच होते, त्याच पक्षात होते. शेकापचे मोठमोठे नेते काँग्रेसमध्ये गेले, आबा हलले नाहीत. 1978 आणि 1999 नंतर थोडा काळ मंत्रिपद मिळालं, बाकी आयुष्य बहुतेक विरोधी बाकावर. मला याचं मोल एसटीच्या प्रवासापेक्षा कितीतरी जास्त वाटतं.

खरं कारण पाणी. आमची माण नदी पावसाळा सरला की वाळूच. 1972 च्या दुष्काळात माझे वडील खडी फोडायला होते. तळहाताचे घट्टे म्हातारपणीही गेले नव्हते, भाकरी मोडताना दिसायचे. अशा घरांना पाण्याचं भाषण नको असतं, पाठपुरावा हवा असतो. आबांनी तो केला. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी, चळवळीतले नेते भारत पाटणकर यांच्याबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत 13 दुष्काळी तालुक्यांची माणसं ते वर्षानुवर्षं जमवत राहिले. मागणी एकच, कृष्णेचं पाणी उचलून आमच्या माळावर आणा. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी यायला फार उशीर झाला, अजून सगळ्या शिवारांत पोचलेलंही नाही. तोवर ठिबकवर डाळिंब जगवणाऱ्या शेतकऱ्याला एवढं ठाऊक होतं, की आपलं गाऱ्हाणं विधानसभेत मांडणारा माणूस विकला जाणार नाही.

2019 ला आबा उभे राहिले नाहीत आणि शेकापची जागा थोडक्यात गेली. 2021 च्या जुलैत आबा गेले. 2024 ला त्यांचे नातू बाबासाहेब निवडून आले. आबांच्या नावाचा उपयोग त्यांना झाला, यात शंका नाही. पण टेंभूचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार, हे आम्ही त्यांनाही विचारणारच.