तुम्ही विचारलंत म्हणून : सरासरी घेऊनही काट्याचा शेवटचा आकडा का नाचतो?

लोडसेलवर (वजनाचा व्होल्टेज करून देणाऱ्या सेन्सरवर) स्वतः सर्किट जुळवणारे हमखास विचारतात : दहाच्या जागी शंभर रीडिंगांची सरासरी घेतली, तरी आकडा थांबत नाही, आता हजारांची घेऊ का? घेऊन बघा, पण फारसं काही हाती लागणार नाही.

सरासरीने दबतो तो पांढरा नॉइज, म्हणजे सगळ्या फ्रीक्वेन्सींवर सारखी पसरलेली नकोशी चळवळ. शंभर रीडिंगांत तो दहापट उतरतो. पण खालच्या फ्रीक्वेन्सीला फ्लिकर, म्हणजे वन-बाय-एफ नॉइजचं (फ्रीक्वेन्सी जितकी कमी तितका मोठा) राज्य असतं. भौतिकशास्त्रज्ञ जॉन्सनने तो १९२५ मध्ये व्हॅक्यूम ट्यूबमध्ये टिपला. १ ते १० हर्ट्झमध्ये त्याची जेवढी पॉवर, तेवढीच ०.१ ते १ मध्ये, तेवढीच ०.०१ ते ०.१ मध्ये. लांब सरासरी घेऊन तुम्ही वरचा पट्टा गाळता, पण टेअर केल्यापासून (काटा शून्यावर आणल्यापासून) जितका वेळ जाईल तितका खालचा पट्टा आत येतो. एका दाराने घालवलं, दुसऱ्याने आलं.

आता तो येतो कुठून ते पाहू. बाथरूमच्या काट्यातला तीन वायरींचा ५० किलोचा सेल घ्या. तो अर्धाच ब्रिज (मोजणीसाठी चार रेझिस्टरांची जोडणी) असतो. उरलेला अर्धा आपण १ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून पुरा करतो. सेलची संवेदनक्षमता १ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट धरली, तर ५ व्होल्टवर ५० किलोला ५ मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे एका ग्रॅमला ०.१ मायक्रोव्होल्ट.

हे दोन रेझिस्टर जाड-फिल्मचे एसएमडी (बोर्डावर थेट चिकटणारे चिमुकले) असतील आणि त्यांचा नॉइज इंडेक्स, म्हणजे रेझिस्टरच्या फ्लिकरचं माप, उणे २० डेसिबल असेल, तर दर व्होल्टला, दर दशकपट्ट्याला (फ्रीक्वेन्सी दहापट होते तेवढ्या पट्ट्याला) ०.१ मायक्रोव्होल्ट आरएमएस (एक प्रकारची सरासरी) नॉइज येतो. प्रत्येकावर २.५ व्होल्ट आहेत. दोघांचा मिळून मधल्या टोकावर, ०.१ ते १० हर्ट्झ या दोन दशकांत, पाव मायक्रोव्होल्ट आरएमएस होतो; ६.६ ने गुणलं की सर्वात खालपासून सर्वात वरपर्यंतचा झोका, सुमारे १.६ मायक्रोव्होल्ट. झाले की सोळा ग्रॅम! उणे ३५ डेसिबलचे मेटल-फिल्म लावले तर तोच नाच तीन ग्रॅमवर येतो. रुपया-दोन रुपयांचा फरक आहे, पण लोक महागडा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) आणतात आणि रेझिस्टर तेच ठेवतात.

जाड फिल्म म्हणजे काचेत विखुरलेले रुथेनियम ऑक्साइडचे कण. करंट कणाकणांमधल्या चिंचोळ्या वाटांनी जातो, आणि करंट वाहणारे इलेक्ट्रॉन जितके कमी तितका हा नॉइज मोठा. १९६९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हूगने मांडलेलं सूत्र हेच सांगतं. म्हणून त्याच मूल्याचा मोठ्या आकाराचा रेझिस्टर सहसा शांत असतो.

दोष रेझिस्टरचा की अँपचा (ब्रिजचा सिग्नल मोठा करणाऱ्या अँप्लिफायरचा), हे ओळखायचं असं : अँपचे दोन्ही इनपुट रेझिस्टरांच्या मधल्या एकाच टोकाला आखूड तांब्याच्या तारेने जोडा. बाकी काही हलवू नका, एक्सायटेशनही, म्हणजे ब्रिजला दिलेले ५ व्होल्ट, चालू ठेवा. आता रेझिस्टरांचा नॉइज दोन्ही इनपुटांवर सारखाच, म्हणून वजा होतो. आकडा शांत झाला तर दोष ब्रिजमध्ये, म्हणजे रेझिस्टर, सेल किंवा कच्चं सोल्डर. तसाच नाचत राहिला तर अँपमध्ये, किंवा वाऱ्यात. पंखा बंद करून सर्किटवर डबा पालथा घाला. तांबं-सोल्डरच्या जोडावर अंशाला १ ते ३ मायक्रोव्होल्ट उठतात, म्हणजे नुसत्या झुळुकीने दहा-वीस ग्रॅम सरकतात.

अँप दोषी असेल तर चॉपर अँप (स्वतःचीच चूक सतत काढून टाकणारा) लावा, किंवा एक्सायटेशनची दिशा दर रीडिंगला उलटवून दोन रीडिंगांची वजाबाकी करा. उलटवल्यावर स्थिर होईपर्यंतची रीडिंगं मात्र टाकून द्या, नाहीतर नवीनच चूक घुसते. या युक्तीने अँपचा फ्लिकर आणि जोडांचा थर्मल व्होल्टेज दोन्ही जातात. रेझिस्टरचा जात नाही : तिथे प्रतिकारच हलतोय, दिशा उलटली की त्याचा परिणामही उलटतो आणि वजाबाकीत तो खऱ्या वजनासारखाच उरतो. तिथे रेझिस्टर बदलणं, किंवा वजन ठेवण्याच्या जरा आधी ताजं टेअर करणं, एवढंच चालतं.

आणि आकडा हळू वाहण्याऐवजी दोन ठरावीक पातळ्यांमध्ये उड्या मारत असेल, तर तो बहुधा पॉपकॉर्न नॉइज, म्हणजे आयसीतल्या दोषाने येणाऱ्या उड्या, आहे. आयसी काढून दुसरा लावा.