लंकेतला कॅम्प: माझा अनुभव

बेळगावला ट्रेनिंग संपवून पलटणीत आलो आणि थोड्याच महिन्यांत पलटण लंकेला निघाली. माझं वय एकोणीस. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि लंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि दुसऱ्याच दिवसापासून आपली शांतिसेना तिथं उतरू लागली. तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांनी, शस्त्रं खाली ठेवायची आणि आपण शांतता राखायची, असं ठरलं होतं. ऑक्टोबरात त्याच वाघांशी लढाई जुंपली. मी १९८८ च्या अखेरीस पोहोचलो, तेव्हा जाफना शहर आपल्या ताब्यात येऊन वर्ष झालं होतं आणि लढाई वन्नीच्या, म्हणजे जाफन्याच्या दक्षिणेकडच्या, जंगलात शिरली होती. घरातलं भांडण लंकेचं, तमिळ आणि सिंहली यांचं, आणि मधे आम्ही गणपत. मराठा पलटणीच्या जवानाला फौजेत गणपतच म्हणतात.

मद्रासहून जहाजानं त्रिंकोमाली, तिथून ताफ्यातून वन्नी. आमचा कॅम्प किलिनोच्चीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत, एका ताडाच्या बनाला लागून होता. चारी बाजूंनी काटेरी तार, तारेला रिकामे डबे लटकवलेले. मोर्चे, म्हणजे लढायचे खंदक, जमिनीत खणलेले, वर ताडाचे ओंडके आडवे टाकलेले, त्यावर रेतीच्या गोण्या. ताडाचं लाकूड चिवट, छताला त्याच्यासारखं दुसरं नाही. त्या ओंडक्यांखाली मी जवळजवळ वर्षभर झोपलो.

पहिल्या रात्रीची संत्री ड्युटी, म्हणजे पहारा, अजून आठवते. वाळलेलं ताडाचं पान झाडावरच लटकत राहतं आणि वाऱ्यानं खडखडतं. मला वाटलं, तारेपलीकडे कुणीतरी चालतंय. मी एसएलआर रायफल खांद्याला लावली. शेजारी आमचे हवालदार होते, सांगली जिल्ह्यातले, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांनी नळीवर हात ठेवला. म्हणाले, "पान आहे रे. वारा असताना वाजलं तर वाजू दे. वारा पडल्यावर वाजलं, की मला उठव." तेवढ्या एका वाक्यावर मी पुढच्या सगळ्या रात्री काढल्या.

दिवस उजाडायच्या आधीच सुरू व्हायचा. तासभर स्टँड-टू, म्हणजे सगळी कंपनी हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज. हल्ला व्हायचा तर पहाटे किंवा तिन्हीसांजेला, म्हणून संध्याकाळीही तेच. मग लंगरमधून, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातून, मगभर गोड चहा, अर्ध्या मगात दाढी. दाढी चुकवून चालायचं नाही, लढाई असली तरी. त्यानंतर रस्ता उघडायला निघायचो. यालाच आरओपी, रोड ओपनिंग पार्टी, म्हणत.

आरओपी म्हणजे आमच्या दिवसाचा गाभा. रसदीच्या गाड्या निघण्याआधी तो रस्ता पायी तपासायचा. प्लास्टिकच्या जेरीकॅनमध्ये दारूगोळा भरून रस्त्याखाली पुरायचा, तार लांब झाडीत न्यायची आणि गाडी वर आली की बटण दाबायचं, ही वाघांची पद्धत. म्हणून आम्ही डांबरावरून चालायचो नाही. दोन्ही बाजूंच्या झाडीतून, एकमेकांत अंतर ठेवून, तार सापडते का बघत. नवी माती, उकरून परत दाबलेलं डांबर, रस्त्याखालच्या पाण्याच्या मोरीच्या तोंडाशी पडलेला ताजा पाला. प्रत्येक मोरीत एकानं वाकून बघायचं. पण सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचं ते गावावर. पोरं रस्त्यावर आली नाहीत, दुकानाची फळी उघडली नाही, की उस्ताद हात वर करून सगळ्यांना बसवायचे. चार किलोंच्या वरची आमची एसएलआर एकेक गोळी मारायची आणि समोर सलग गोळ्या झाडणारी एके-४७. ते ओझं दुपारपर्यंत खांद्यात रुतायचं.

परत आलो की हत्यार साफ. पुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी लावून ती नळीतून ओढायची, उस्ताद उजेडाकडे धरून आतून बघायचे. मग गोण्या भरणं, पाणी आणणं, रात्री जेवणानंतर सगळ्यांसमोर मलेरियाची गोळी गिळणं. टपाल ताफ्याबरोबर यायचं. आईचं पत्र धाकटी बहीण लिहायची. मी उत्तरात आम्ही होतो त्या गावाचं नाव लिहू शकत नव्हतो, त्यामुळे जेवणाबद्दलच लिहायचो.

एका सकाळी एका मोरीपाशी स्फोट झाला. माझ्या पुढून दुसरा गडी, कोकणातला, वयानं माझ्याएवढाच. पाय गुडघ्याखाली गेला. हेलिकॉप्टरनं नेला, जीव वाचला. संध्याकाळी त्याचं सामान मागे पाठवायची यादी करायला मला बसवलं: दोन कांबळी, मग, मेसटिन म्हणजे जेवणाचा डबा, साबणाची अर्धी वडी, पाच कोरी अंतर्देशीय पत्रं. पाच मी दोनदा मोजली, चूक होऊ नये म्हणून. दुसऱ्या पहाटे परत त्याच रस्त्यावर. न जाऊन चालत नव्हतं, मागून रसद येणार होती.

आमच्या शेजारच्या बनाचा मालक साठीचा माणूस होता. तो मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचा, मी त्याला अण्णा, म्हणजे थोरला भाऊ. आमच्याकडे चुलत्यालाही अण्णाच म्हणतात, त्यामुळे हा शब्द मला शिकावा लागला नाही. 'तण्णी' म्हणजे पाणी, 'वांगो' म्हणजे या, 'पोंगो' म्हणजे जा. एवढ्यावर आमचं भागायचं. त्याच्याच विहिरीवर आम्ही पाणी भरायचो. एकदा तो आमच्या मोर्चाच्या छताकडे बघत बराच वेळ उभा राहिला. नंतर कळलं, ते ओंडके त्याच्या झाडांचे. ताडाला फळ धरायला पंधरा-वीस वर्षं जातात. आमच्या आधीच्या पलटणीनं तोडले असतील, पण मी त्यांच्याखाली झोपत होतो. मला ते फार लागलं.

सप्टेंबर १९८९ मध्ये शांतिसेना परत जाणार हे ठरलं. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली, आमचा कॅम्प त्याच्या काही महिने आधी उठला. गोण्या रिकाम्या केल्या, तार गुंडाळली. उस्तादांनी साहेबांना विचारून अण्णाला निरोप दिला. तो बैलगाडी घेऊन आला. आम्ही एकेक ओंडका उचलून बाहेर काढला. तो प्रत्येकाला हात लावून बनातल्या बुंध्याकडे बोट दाखवायचा, हा तिथला, हा विहिरीजवळचा. गाडीत चारच मावले. बाकीचे उद्या नेतो, असं त्यानं हातानं सांगितलं. आम्ही ते विहिरीपाशी रचून ठेवले आणि दुपारी ताफ्यात बसलो.