उसैनू दार्बोंची बातमी

5 डिसेंबर 2016 ला मी रात्रपाळीत परदेशच्या पानावर होतो. नोटाबंदीचे दिवस, त्यात संध्याकाळी जयललिता गेल्याची बातमी आली, लगेच नाकारली गेली, सगळं डेस्क टीव्हीसमोर. त्या गडबडीत फीडवर चार ओळी पडल्या: पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियाचे विरोधी नेते उसैनू दार्बो जामिनावर सुटले.

मी उठूनच उभा राहिलो. हा माणूस वकील, 1996 ला पक्ष काढला आणि राष्ट्राध्यक्ष याह्या जामेविरुद्ध चार वेळा निवडणूक लढला, चारही हरला. एप्रिल 2016 मध्ये सोलो सँडेंग हा त्यांचा कार्यकर्ता कोठडीत मेला, जाब विचारायला दार्बो स्वतः रस्त्यावर उतरले तर त्यांनाच उचललं आणि जुलैत तीन वर्षांची शिक्षा. मग त्यांच्याच पक्षातले आदामा बॅरो आघाडीचे उमेदवार झाले आणि 1 डिसेंबरला जामेला हरवलं. वीस वर्षं ज्याने किल्ला लढवला तो जिंकायच्या दिवशी आत!

निकालाची बातमी मी जीव लावून केली होती. तिथे मत म्हणजे काचेची गोटी. उमेदवाराच्या रंगाच्या ड्रममध्ये नळीतून टाकायची, आत घंटी वाजते, दोनदा वाजली तर बाहेर बसलेल्यांना लगेच कळतं. मोजताना भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये गोट्या बसवतात. हे सगळं मी लिहिलं, आणि पानावर काय राहिलं, तर बॅरो लंडनमध्ये दुकानात सिक्युरिटी गार्ड होते एवढंच, कारण वरिष्ठांना 'वॉचमन ते राष्ट्राध्यक्ष' हेडिंग हवं होतं. दार्बोंचं नावच कापलं. जिंकणाऱ्याच्या पुढे आपल्याकडे कुणाला बघायचंच नसतं.

म्हणून सुटकेची बातमी तरी दोन कॉलम लावायची ठरवली. बाहेरगावी जाणाऱ्या, आधी छापल्या जाणाऱ्या डाक आवृत्तीत सिंगल कॉलम गेली. मध्यरात्रीनंतर जयललितांच्या निधनाची घोषणा झाली, शहर आवृत्तीची पानं परत उघडली आणि परदेशचं पान अख्खं उडालं. ते बरोबरच होतं, त्यावर माझी तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी परत विषय काढला तर 'शिळी झाली' म्हणाले. एवढ्या वर्षांची गोष्ट एका रात्रीत शिळी कशी होते?

पुढे बॅरोंनी त्यांना परराष्ट्रमंत्री केलं, 2018 ला उपराष्ट्राध्यक्ष, 2019 ला काढूनही टाकलं, आणि 2021 ला दार्बो बॅरोंविरुद्धच उभे राहिले आणि हरले. त्या बातमीत मी तुरुंगाचं वाक्य पहिल्याच परिच्छेदात घातलं, पान लावणाऱ्याला सांगून ठेवलं, कापायचं तर खालून काप, हे नाही.