आमची वाटचाल: जत्रेच्या पाळण्यांपासून स्टीलच्या रोलर कोस्टरपर्यंत

आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप अलिबागला, बाबांनी सुरू केलेलं. तेव्हा काम म्हणजे कोळीवाड्यातल्या बोटींचे शाफ्ट, विंच, आणि कार्तिक महिना आला की वरसोलीच्या जत्रेचे आकाशपाळणे. वरसोली झाली की आवास, मग दत्तजयंतीला चौल, मध्येच कुठे वेल्ड सुटलं तर पाळणेवाल्याचा सीझन गेला, त्यामुळे रात्री-बेरात्री लोक यायचे आणि बाबा उठून जायचे. लोखंड कुठे थकलंय ते त्यांना नुसता हात फिरवून कळायचं.

पुढे मुरूड रोडच्या एका रिसॉर्टवाल्यांनी मुलांसाठी छोटा रोलर कोस्टर करून द्याल का म्हणून विचारलं. मी जरा बिचकलो होतो, पण बाबा म्हणाले, पाईपच वाकवायचाय ना, आपण आयुष्यभर काय केलं?

आणि खरंच या राईडचा इतिहासच तसा आहे. आधीचे कोस्टर लाकडी, वर लोखंडी पट्टी ठोकलेली. 1959 ला कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये मॅटरहॉर्न सुरू झाला, तो अ‍ॅरो नावाच्या कंपनीच्या कार्ल बेकन आणि एड मॉर्गन यांनी बनवलेला, त्यात पहिल्यांदा पोकळ स्टील पाईपचा रूळ आला. पाईप हवा तसा पिळता येतो, म्हणून 1975 ला त्याच कंपनीच्या कॉर्कस्क्रू नावाच्या कोस्टरमध्ये माणसं उलटी होऊन सुखरूप बाहेर आली. 1976 ला वर्नर स्टेंगल या जर्मन इंजिनिअरने पूर्ण गोल लूप, म्हणजे रुळाचं उभं कडं, सोडून थेंबाच्या आकाराचा लूप काढला, कारण गोलात शिरताना मानेला एकदम झटका बसतो, वळण हळूहळू घट्ट होत गेलं पाहिजे. रेल्वेच्या रुळातही तेच असतं, आपली कोकण रेल्वेसुद्धा सरळ रुळावरून थेट वळणात घुसत नाही. आपल्याच रायगडात खोपोलीला इमॅजिका पार्कमध्ये 2013 मध्ये नायट्रो नावाचा कोस्टर आला तेव्हा आम्ही दोघं मुद्दाम बघायला गेलो, मी दोनदा बसलो आणि बाबा सगळा वेळ खाली उभं राहून खांबांचे जॉइंट बघत होते!

आमच्या कोस्टरला लूप नाही, उंचीही बेताची, पण डिझाईन आणि हिशोब रीतसर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेतला. प्रत्येक ठिकाणी चाकं तीन बाजूंनी, वरून, बाजूने आणि पाईपच्या खालून, म्हणजे डबा रूळ सोडूच शकत नाही.

खरी लढाई खाऱ्या हवेशी. इथे नुसता रंग मारलेलं लोखंड एका पावसाळ्यात पोपडे सोडतं. म्हणून सगळे तुकडे हॉट डिप गॅल्वनाइज केले, साधारण 450 डिग्रीच्या वितळलेल्या जस्तात बुडवून. पोकळ पाईप तसाच बुडवला तर आतली हवा फुगून स्फोट होतो, त्यासाठी प्रत्येक तुकड्याला आधी भोकं पाडायची, जस्त आतून-बाहेरून फिरलं की नंतर ती बुजवायची. वेळखाऊ काम आहे, पण आतून गंजलेला पाईप बाहेरून कधीच दिसत नाही आणि मला तीच भीती सगळ्यात मोठी वाटते.

रोज सकाळी गेट उघडायच्या आधी आमचा माणूस ट्रॅकखालून चालत जातो. प्रत्येक नट-बोल्टवर आडवी पिवळी रेघ मारलेली आहे, नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मग रिकामे डबे सोडायचे, नंतर वाळूच्या गोणी ठेवून, आणि मगच मुलं. गर्दीच्या दिवशी घाई करा म्हणून कोणी कितीही फोन केले तरी यात काही कमी होत नाही.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात लॉकडाऊनमुळे पार्क बंदच होतं. पत्रे उडाले, बाजूच्या वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या आणि एक माड थेट ट्रॅकवर पडला. खांब जागचे हलले नाहीत, वाळूची जमीन म्हणून फाउंडेशन खोल घेतलं होतं ते कामी आलं. वाकलेला तुकडा कापून नवीन बसवला, पाईप पकडायच्या जुन्या साच्यावरच (जिगवर), आणि सगळ्या वेल्डची डाय टेस्ट, म्हणजे रंग लावून तडे शोधायची तपासणी, परत केली. ते बाबांचं शेवटचं मोठं काम, स्टुलावर बसून प्रत्येक जॉइंट स्वतः बघितला त्यांनी.

आता आम्ही नवीन राईडपेक्षा मेंटेनन्सची कामं जास्त घेतो, किनाऱ्यालगतच्या रिसॉर्टची आणि जत्रेतल्या पाळण्यांचीही. या पावसाळ्यात कोस्टरची लिफ्ट चेन (डबे वर ओढणारी साखळी) आणि चाकांवरचे पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरासारखे, थर बदलायचे आहेत, दिवाळीच्या सुट्टीआधी राईड परत चालू.