एल रिनोचा टॉर्नेडो: रडारच्या नोंदी वाचताना

टॉर्नेडोचे व्हिडिओ कितीही पाहिले तरी आत काय चाललंय ते कळत नाही, म्हणून मी रडारच्या मूळ नोंदी वाचायला घेतल्या. निवडला तो ३१ मे २०१३ चा, ओक्लाहोमातल्या एल रिनोजवळच्या शेतांवरून गेलेला टॉर्नेडो. अमेरिकी हवामान खात्याच्या डॉप्लर रडारच्या (पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही टिपणाऱ्या) जुन्या नोंदी कोणालाही मोफत मिळतात.

नोंदींवर जागतिक वेळ असते आणि तिथली उन्हाळी वेळ पाच तास मागे. टॉर्नेडो संध्याकाळी सहानंतर लगेच जमिनीला टेकला, म्हणजे २३ वाजल्यानंतरच्या फाइल्स उघडायच्या. पावसाच्या चित्रात हुकासारखा वळलेला पट्टा चटकन दिसला. खरा जीव मात्र वाऱ्याच्या चित्रात होता. हिरवा रंग म्हणजे रडारकडे येणारा वारा, लाल म्हणजे दूर जाणारा. रडार पूर्वेकडे, त्यामुळे दक्षिणेला हिरवा आणि उत्तरेला लाल, अगदी खेटून. ही जोडी आधी आग्नेयेकडे सरकते आणि मग ईशान्येकडे वळते. तिथे मी बराच वेळ थांबले. या टॉर्नेडोत आठ जण गेले, सगळे वाहनांत. टॉर्नेडोच्या वाटेत उपकरणं ठेवून आतला हवेचा दाब मोजणारे टिम समारास त्यांच्यातलेच. पावसाच्या पडद्याआड टॉर्नेडो धड दिसतही नव्हता.

मग त्या दिवशीची हवा पाहिली. जमिनीलगत मेक्सिकोच्या आखातावरून आलेली उबदार, दमट हवा, वर थंड आणि कोरडी. खाली वारा आग्नेयेकडून, वर पश्चिमेकडून आणि कितीतरी जोरात. अशा फरकामुळे हवा आडवी लाटली जाते आणि वर झेपावणारा प्रवाह तो फिरता पट्टा उभा करतो. इतकी ऊर्जा आणि इतका पीळ एका ठिकाणी आले की भीतीच वाटते.

सर्वात खटकली ती ईएफ श्रेणी, म्हणजे टॉर्नेडोच्या तीव्रतेची शून्य ते पाच अशी मोजपट्टी. रुंदी ४.२ किलोमीटर, आजवर नोंदली गेलेली सर्वाधिक. गाडीवरच्या फिरत्या रडारने ताशी ४५० किलोमीटरहून जास्त वेग मोजला. तरी अंतिम श्रेणी ईएफ-३, म्हणजे अंदाजे वेग जास्तीत जास्त ताशी २६६ किलोमीटर. मध्यंतरी रडारच्या आधारे ईएफ-५ दिली होती, ती पुढे खाली आणली. कारण ही श्रेणी पडझडीवरून ठरते, आणि मोकळ्या शेतात पडायला होतं काय? नियम म्हणून ते बरोबर असेल, पण मला पटलेलं नाही. हल्ली कोणत्याही टॉर्नेडोची श्रेणी वाचली की मी आधी नकाशा उघडून तो कशावरून गेला ते बघते.